खोलीबरोबरचं सोंग

खोली दाखवताना आमच्या घरमालकांनी नळ दाखवला नाही, मोरी दाखवली नाही, पत्रा पावसात गळतो का तेही सांगितलं नाही. त्यांनी मला एकच विचारलं. म्हणाले, मुद्दाम उचकी काढता येते का?

मी नुकतीच लग्न होऊन चिपळूणहून आलेली. नवरा पिंपरीतल्या एका कारखान्यात टर्नर, आणि मला दुसऱ्या एका कंपनीत टेलिफोनवर नोकरी लागलेली. खोलीसाठी वणवण चालू होती. चार ठिकाणी जात विचारून झाली होती, दोन ठिकाणी मासे शिजवता का म्हणून. त्या मानाने उचकीची अट सोपी होती. मी तिथल्या तिथे एक काढून दाखवली. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "सायेब बसलेला व्हता. तुमी उभ्या हाय." मग मी उंबऱ्यावर बसले आणि आणखी एक काढली. नवरा तेवढा वेळ समोरच्या लिंबाच्या झाडाकडे बघत उभा होता. खोली नंबर दोन आम्हाला मिळाली.

भानगड काय ते आठवडाभरात कळलं. चीनच्या लढाईच्या आगेमागे गावातल्या जमिनी कारखान्यांसाठी गेल्या, त्यात मालकांच्या पाटील घराण्याचीही गेली. कंपनीच्या भिंतीला लागून एक पट्टी उरली होती, तिच्यावर त्यांनी सहा खोल्यांची चाळ बांधली. गावच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला की त्याच भिंतीखाली ते दरवर्षी एक खेळ करत. खेळ म्हणजे जमीन गेली तो दिवस, जसाच्या तसा. आणि त्यातली सोंगं माणसांना नव्हे, खोल्यांना वाटलेली होती. एक नंबरची खोली म्हणजे मालकांचा बाप. दोन नंबर, जमीन घ्यायला आलेला सरकारी साहेब. तीन नंबर साहेबाचा कारकून, चार नंबर बांधावरची बाभळ, पाच नंबरात दोन सडे राहत ते बैलजोडी, आणि सहा नंबर मालकांची आई. भाडेकरू बदलला तरी सोंग खोलीतच राहायचं. नवरा लाजाळू, त्यात त्याची पाळी कधी कुठली याचा भरवसा नाही, म्हणून साहेब मी झाले. घरातलं कुणीही चालेल, असं मालकांचं म्हणणं होतं. त्या दिवशी खऱ्या साहेबाला जमीन मोजायला आल्यापासून जाईपर्यंत उचकी लागलेली होती, आणि ती वगळायला मालक तयार नव्हते. जळक्या बुचाची मिशी, पिंपरी कॅम्पाच्या बाजारातून आणलेली हॅट आणि उचकी, एवढ्या भांडवलावर मी कितीतरी वर्षं सरकार चालवलं.

मालक दिसायला उंच, वाळके, नाकेले. डोक्याला पांढरी टोपी, अंगात नेहरू शर्ट, खाली धोतर आणि पायात कंपनीचे जाडजूड बूट. ते बूट त्यांनी सत्यनारायणाला तेवढे काढलेले मी पाहिले. ते कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. नवीन लागलेला इंजिनियर पोरगा त्यांना विचारायचा की पेंट शॉप कुठे आहे. ते सांगायचे, विहिरीच्या फुडं, आंब्याच्या अलीकडं. तिथे विहीर नव्हती आणि आंबाही नव्हता, दोन्ही काँक्रीटखाली गेलेली. पोरगा अर्धा तास फिरून परत यायचा. कॅन्टीनला ते मटकीचं वावर म्हणत आणि जनरल मॅनेजरच्या केबिनला खळं. एकदा वरून समज आली की पाहुण्यांना असले पत्ते सांगू नयेत. तेव्हापासून ते पाहुण्यांना काहीच सांगेनासे झाले, नुसता हात करत.

खेळाच्या तालमीत त्यांचा एकच जप असे, की अभिनय करू नका. सहा नंबरला साताऱ्याकडचा एक दांडगा वेल्डर राहायचा. लुगडं नेसून तो मालकांची आई झाला की त्याला स्वतःची आई आठवायची आणि तो धाय मोकलून रडायचा. बायाबापड्या पदराला डोळे पुसायच्या. मालक मात्र खेळ थांबवून त्याला झापत. "माझी आई रडली न्हवती. तिनं सायबाला इचारलं, च्या घ्येनार का. तेवढंच करा." वेल्डर हुंदके देत मला चहा घेणार का विचारायचा आणि मी उचकी देत नको म्हणायची. लोक हसत. मालकांना त्याचंही वाईट वाटत नसे. त्या दिवशीही लोक हसले होते, असं ते सांगत.

चार नंबरातल्या बाभळीची गंमत वेगळीच. ते सांगलीकडचे, एका कंपनीत हिशेबनीस, नाटकाची भारी हौस असलेले गृहस्थ. दरवर्षी दोन्ही हातांत काटेरी डहाळ्या धरून तासभर उभे राहत, आणि दरवर्षी खेळ संपल्यावर मालकांकडे बापाचं काम मागत. मालक म्हणत, एक नंबर मोकळी झाली की बघू. पुढे एक नंबरचे मास्तर संत तुकाराम नगरात घर मिळाल्यावर गेले, तेव्हा हिशेबनीस पेढे घेऊनच मालकांकडे गेले. मालकांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, मग बाभळ कोन व्हनार? वतनं गेली म्हणून सरकारने केव्हाच सांगितलं होतं, पण आमच्या चाळीत ती पत्र्याखाली नीट चालू होती.

गावकऱ्यांपैकी कुणी या खेळात काम करत नसे, म्हणून तर भाडेकरूंवर ही पाळी. गावाचं म्हणणं, गेलेलं काय उगाळत बसायचं. भावकीतल्या कुणी टेम्पो घेतले होते, कुणी वीटभट्टी घातली होती. मालकांचे थोरले भाऊ लेबर काँट्रॅक्टर झाले होते. ते राजदूत फटफटीवरून येत, पहिल्या रांगेत गॉगल लावून बसत आणि खेळभर घड्याळ बघत. गावाचा इतिहास त्या गावाला चिपळूण, सांगली आणि सातारा मिळून दाखवत होते. माझा साहेब नाकात बोलतो, अशी तक्रार तेवढी गावाने न चुकता केली.

गावातला एकच माणूस खेळात होता. धोंडिबा. मातंग वस्तीतला, साठी उलटलेला, बोटं काटक्यांसारखी, पण हलगीला हात लागला की ती भिंतीपलीकडे कंपनीत ऐकू जाई. खेळाच्या सुरुवातीला तो वाजवायचा आणि मध्ये एका जागी. मी साहेब म्हणून एकेक तुकड्याचं विचारत जायची, विहिरीचा कुणाचा, आंब्याचा कुणाचा, आणि बाप सांगायचा, माजा. शेवटी मी विचारायची, "ओढ्याकडचा तुकडा कोणाचा?" त्याबरोबर कडेला बसलेले मालक हात वर करत आणि धोंडिबा हलगी घुमवू लागे. बाप तोंड उघडून मिटायचा, काय बोलला ते कुणाला ऐकू येत नसे. मालक हात खाली घेत, हलगी थांबे, आणि आम्ही कागदावर बापाचा अंगठा घेण्याकडे वळत असू. मला वाटायचं, रंग भरायला केलेली ही युक्ती आहे. इतकी वर्षं प्रश्न विचारूनही त्याचं उत्तर काय, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

ते विचारलं प्रल्हादने. दुष्काळाच्या साली हा मुलगा परभणीकडून आला आणि एका कारखान्यात फोर्जिंगला, तापलेलं लोखंड ठोकायच्या कामावर लागला. खोली बघायला आला तेव्हा मी नळावर होते. तो दारातूनच म्हणाला, "आधीच सांगतो, मी बौद्ध आहे. मागून कटकट नको." मालक त्याच्या तोंडाकडे बारकाईने बघत होते. म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. मिशा वाढवता येत्यात का?" बापाला झुपकेदार मिशा होत्या. प्रल्हाद हबकलाच. अशा वेळी काय उत्तर द्यायचं याची त्याने तयारी केली नव्हती. वाढवतो म्हणाला, आणि एक नंबरची खोली त्याची झाली.

ही बातमी थोरल्या भावांकडे दुसऱ्याच दिवशी पोचली. ते राजदूत चालूच ठेवून अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, आपल्या बापाच्या मिशा त्याच्या तोंडावर? मालक म्हणाले, "त्याच्या सोताच्या हायेत. वाढिवल्यात त्यानं." थोरल्यांनी बरंच ऐकवलं. जत्रेला मांडव देणार नाही, भावकी जेवायला येणार नाही, असंही सांगितलं. मालकांचं एकच, सोंग खोलीचं हाय. त्या वेळी मला त्यांचा फार अभिमान वाटला होता. सुधारणा म्हणून त्यांनी हे केलं होतं की हट्ट म्हणून, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. त्यांना स्वतःला तरी सांगता आलं असतं का, शंकाच आहे.

तालमीत प्रल्हाद त्या जागेला आला आणि थांबला. हलगी चालू असताना मी म्हणायचं काय, म्हणाला. मालक म्हणाले, काय बी म्हना, ऐकू येत न्हाई. तो म्हणाला, ऐकू येत नाही ते ठीक आहे, पण बाप काय म्हणाला होता? मालकांना एकदम आठवलं की पंप चालू राहिला आहे. ते उठून गेले ते तालीम संपेपर्यंत आलेच नाहीत. धोंडिबा हलगी विस्तवावर धरून शेकत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

उत्तर मला मालकीणबाईंकडून मिळालं. त्यांच्याबरोबर शेंगा फोडत बसले असताना मी सहज विषय काढला, तर त्या माऊलीने एवढ्या वर्षांचं सगळं एका दमात सांगून टाकलं. ओढ्याकडचा तुकडा धोंडिबाच्या घराचा होता. गावकीच्या कामापोटी त्याच्या पणज्याला मिळालेला, पिढ्यान्पिढ्या तेच कसत होते. मोजणीच्या दिवशी धोंडिबा हलगी घेऊन समोर उभा होता, कारण दवंडी त्यानेच दिली होती. साहेबाने विचारलं आणि त्यांच्या सासऱ्यांनी, म्हणजे मालकांच्या बापाने, सांगून टाकलं, माजाच. धोंडिबाच्या बापाने काही म्हणायच्या आत कुणीतरी धोंडिबाला हलगी वाजवायला सांगितलं, काम झालं म्हणून. जमीन गेलेल्या घराला कंपनीत नोकरी मिळत होती. घरच्या जमिनीवर थोरल्यांना मिळाली, ती त्यांनी पुढे सोडली. ओढ्याच्या तुकड्यावर धाकट्याला मिळाली. "म्हंजी आमच्या ह्यास्नी," त्या म्हणाल्या. "धोंडिबाचा पोरगा कॅम्पात हमाली करतोय. ह्ये दर साली ह्यो खेळ मांडत्यात, आन् दर साली तिथवर येऊन हात वर करत्यात. मी म्हन्ते, बोलायचं तर बोला, न्हाईतर मांडू नगा."

टेलिफोनवर बसणाऱ्या बाईने ऐकलेलं पोटात ठेवायचं असतं. मी ते संध्याकाळी प्रल्हादला सांगितलं. मला राग आला होता. मालकांचा, माझ्या हॅटचा आणि त्या इतक्या वर्षांच्या उचक्यांचा सुद्धा. प्रल्हाद हं म्हणाला आणि मिशीवरून हात फिरवत बसला.

त्या वर्षी मांडव नव्हता. लोक भिंतीच्या सावलीत बसले. थोरले मात्र आले होते, खुर्ची घरून आणून. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि खेळ सुरू झाला. वेल्डर रडला, बैल हसले, मी तुकडे विचारत विचारत ओढ्यापर्यंत आले. मालकांचा हात वर गेला. हलगी सुरू झाली. प्रल्हादने तोंड उघडलंच नाही. हाताची घडी घालून तो धोंडिबाकडे बघत उभा राहिला. बापाने तोंड मिटल्याशिवाय मालक हात खाली घेत नसत, आणि बाप तोंड उघडत नव्हता. धोंडिबा वाजवत राहिला. लोकांना आधी मजा वाटली, मग ते मालकांच्या हाताकडे बघू लागले. आणि मग तो खाली आला.

तो भरून आला म्हणून आला की त्यांनी आणला, यावर पुढे वर्षभर चाळीत वाद चालला. मी समोर होते आणि मलाही कळलं नाही.

हलगी थांबली. प्रल्हाद धोंडिबाला म्हणाला, "बाबा, साहेब विचारायलेत. तुकडा कुणाचा, तुम्हीच सांगा."

धोंडिबाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या बुचाच्या मिशीकडे, कॅम्पातल्या हॅटकडे. आणि खऱ्या साहेबाला सांगावं तसं सांगितलं, "आमचा व्हता, सायेब."

थोरले ताडकन उठले. हे नाटकात न्हाई, असं ते ओरडत होते आणि ते बरोबरच होतं. कुणी धोंडिबाला बोलू लागलं, कुणी प्रल्हादवर धावून गेलं, बाभळीने डहाळ्या आडव्या धरून त्याला वाचवलं. हिशेबनिसांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काम मिळालं म्हणायचं. खेळ तिथेच मोडला. मालक मात्र जागचे हलले नाहीत. ते काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघत होते.

बोलायचं सोडून बाकी सगळं मात्र त्यांनी पुढच्या काही महिन्यांत केलं. धोंडिबाकडे ज्वारीचं पोतं पाठवलं, ते परत आलं. त्याच्या नातवासाठी कंपनीत साहेबांचे पाय धरले, पण भरती बंद होती. शेवटी एक दिवस बूट काढून त्याच्या दारात गेले. बरोबर साक्षीला म्हणून मला नेलं होतं, साहेब म्हणून. चाळीतली एक खोली तुमच्या नावानं करून देतो, असं म्हणाले. धोंडिबाने त्यांना चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "खोली घिऊन मी कुठलं सोंग घेऊ, मालक? ती ऱ्हाऊ द्या. फुडल्या साली हलगीला दुसरा मानूस बघा. मला एकदा म्होरं बसून खेळ बघायचाय."

येताना ओढ्यावर आल्यावर मालक मला म्हणाले, अवघड मागितलं बाई त्यानं. मी म्हटलं, खोलीपेक्षा स्वस्त आहे की. ते माझ्यावर दोन दिवस फुरंगटून होते.

दुसरा हलगीवाला मिळाला नाही. धोंडिबाच्या वस्तीतून कुणी येणार नव्हतं, बाहेरगावच्यांना भावकीने दम भरला. मालकांनी खेळ बंद केला असता तर त्यांना कुणी नाव ठेवलं नसतं. पण जत्रेच्या दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि मालक स्वतःच गळ्यात हलगी अडकवून आले. पाटलाच्या घरातला माणूस हलगी वाजवतोय ही बातमी भोंग्यापेक्षा लवकर पसरली. स्वतःच्या गावाचा इतिहास बघायला जे इतक्या वर्षांत फिरकले नव्हते, ते हा चमत्कार बघायला लोटले. भिंतीवर पोरं चढली. आमच्या खेळाला तेवढी गर्दी पुन्हा कधी झाली नाही.

त्यांना वाजवता येत नव्हतं. हलगी खड्ड्यातून एसटी चालल्यासारखी चालली होती. लोक फिदीफिदी हसत होते. थोरले आले नव्हते. पहिल्या रांगेत एकच लाकडी घडीची खुर्ची होती, तिच्यावर धोंडिबा धुतलेला फेटा बांधून बसला होता, हात मांडीवर ठेवून. तो हसत नव्हता.

मी तुकडे विचारत गेले. माझी उचकी त्या दिवशी खोटी काढावी लागली नाही. ओढ्याकडचा तुकडा कोणाचा, मी विचारलं. सगळे मालकांच्या हाताकडे बघत होते. दोन्ही हातांत काड्या होत्या, आणि त्या त्यांनी वर उचलल्या नाहीत. प्रल्हादने तालमीत ठरल्याप्रमाणे सांगितलं, "माजा न्हाई सायेब, धोंडिबाच्या बापाचा." कुणी टाळी वाजवली. मला वाटलं झालं, सुटलो. मी अंगठ्याकडे वळणार तेवढ्यात धोंडिबा खुर्चीतून म्हणाला, "भाडेकरूचं ऐकलं. आता घरवाल्यानं म्हनावं."

टाळी थांबली. मालकांनी इतक्या वर्षांत सोंग घेतलं नव्हतं. त्यांचं सोंग कुठल्याच खोलीत नव्हतं. ते हलगी गळ्यात घेऊन उभे होते, आणि भिंतीपलीकडे दुसऱ्या पाळीची मशीन चालू झालेली ऐकू येत होती. मला वाटलं, आता ते बडवायला लागतात. मला खरोखर तसं वाटलं, आणि त्यांनी तसं केलं असतं तर मी हॅट फेकून घरी गेले असते.

त्यांनी काड्या खाली टाकल्या. माझ्याकडे, म्हणजे साहेबाकडे पाहिलं नाही. खुर्चीकडे बघून म्हणाले, "तुकडा तुमचा व्हता. आमच्या बापानं खोटं सांगितलं. त्या तुकड्यावरची नोकरी मी करतोय."

ते रडले नाहीत.

धोंडिबा उठला, खुर्चीची घडी घातली, ती भिंतीला नीट टेकवून ठेवली आणि घराकडे निघाला. अंगठा अजून व्हायचा होता, मोजणी व्हायची होती, वेल्डरचा चहा व्हायचा होता. पण उरलेला खेळ त्याला बघायचा नव्हता.